समजूतदार पोट्टी

मागच्या रविवारी फॅमिली ग्रुपवर फोटो आला, नागपुरात नंदनवनला राहणाऱ्या चुलतभावाची 11 वर्षांची पोट्टी स्टुलावर उभी राहून पोळ्या लाटून राहिली, कारण आईचं ऑपरेशन झालं. खाली काकूंचा मेसेज, "किती समजूतदार बाई! नाहीतर आजकालचे पोट्टे मोबाइल सोडत नाहीत." मग सगळ्यांचे हात जोडलेले आणि हार्ट. मी एवढंच लिहिलं की तिला कोणी विचारलं का, थकली का म्हणून, तर दादा म्हणे तुम्ही लंडनवाल्यांनी पोरं नाजूक करून ठेवले. 15 वर्षं लेस्टरला राहून राहिली मी, यांना अजून लंडनच वाटतं.

इथे घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्या मुलाला काय लागतं ते कौन्सिलला, म्हणजे इथल्या महापालिकेला, बघावंच लागतं, 2014 चा कायदाच आहे. 2021 च्या जनगणनेत इंग्लंडात 5 ते 17 वयाची अशी जवळजवळ 1 लाख 20 हजार मुलं निघाली, म्हणजे इथलीही मुलं करतात, पण त्यांना यंग केअरर म्हणतात आणि मोजतात. आपल्याकडे एकदा समजूतदार म्हटलं की विषय संपला. दादानं लगेच 2016 चा बालमजुरी कायदा काढला, शाळा सुटल्यावर घरच्यांना मदत केलेली चालते म्हणून. चालते ना, पण शाळेत बसूनही माझं डोकं घरीच असायचं, त्याचं काय?

आईला संधिवात, मी दहाची. मे महिन्यात भर दुपारी बादलीनं कुलर भरायचा, धाकट्याचा डबा, आईची वेणी, आणि रात्री झोपायच्या आधी सिलिंडर हलवून बघायचं, किती उरलं. त्याच्याच जोरावर इथे टिकले, खोटं नाही बोलणार, इथे तर बॉयलर बंद पडला तरी लोक रडकुंडीला येतात. पण नवऱ्यानं चहा हातात दिला तर अर्धा पिऊन मी ओटा पुसायला उठते. पोरगी तापली की आतून बरं वाटतं, कारण काय करायचं ते मला कळतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

डिसेंबरात नागपूरला गेले. वहिनीनं डबे सगळे बदललेत, तिखट कुठे तेच सापडेना. आई म्हणाली, "बस ना गं, चार दिवसांची पाहुणी तू." त्या घरात मला काम नसेल तर मी तिथली कोण, खरंच कळेना. रात्री सगळे झोपल्यावर ओट्याखाली वाकून सिलिंडर हलवून पाहिलं. भरलेलं होतं.