स्कॉटलंडचं पहिलं नाणं ब्रूसचं नव्हे

‘१३१४ ची बॅनकबर्नची लढाई जिंकल्यावर रॉबर्ट ब्रूसने स्कॉटलंडचं पहिलं चांदीचं नाणं पाडलं,’ हा फिरणारा मजकूर चुकीचा आहे. हा मान पहिल्या डेव्हिड राजाचा. ११३६ च्या सुमारास उत्तर इंग्लंडमधलं कार्लाइल शहर त्याच्या हाती आलं. तिथली टांकसाळ आणि जवळच्या ऑल्स्टन भागातली चांदीही. तिथूनच त्याच्या पेनी, म्हणजे चांदीची छोटी नाणी, निघू लागल्या. ब्रूस राजा झाला तो जवळपास पावणेदोनशे वर्षांनी.

त्या मजकुरासोबत फिरणाऱ्या फोटोतलं अर्धं नाणंही ‘तुटलेलं’ नाही, मुद्दाम कापलेलं आहे. सुट्ट्या पैशांसाठी पेनीचे सरळ दोन किंवा चार तुकडे करत. नाण्याच्या मागच्या बाजूवरचा क्रूस तेव्हा कापायला सोयीचा पडे! गोल अर्धी पेनी नियमितपणे आली ती तिसऱ्या अलेक्झांडरच्या काळात, १२८० च्या सुमारास.