पेणकर म्हणजे नक्की कोण?

माझं आडनाव पेणकर. लग्नानंतरही तेच ठेवलं. जन्म ठाण्याचा, शाळा ठाण्यातली, नवराही ठाण्याचाच. पेणला आमचं घर नाही, जमीन नाही, सातबाऱ्यावर कुणाचं नाव नाही. दिव्याहून रोह्याची मेमू पकडायची आणि गणपतीची मूर्ती ठरवून यायचं, एवढाच व्यवहार. तरी नाव सांगितलं की पुढचा प्रश्न तयार असतो, "मग पेणचे ते अमुक तुमचे कोण?" कोणी नाहीत हो.

हे आज लिहायचं कारण म्हणजे व्हॉट्सॲप. एका लांबच्या काकांनी मला आमच्या आडनावाच्या ग्रुपवर घेतलं. सुरुवातीला मजा वाटली. कोण नाशिकचे, कोण बडोद्याचे, सगळे पेणकर! मग ॲडमिनसाहेबांचा मेसेज आला : सर्वांनी गोत्र, कुलदैवत आणि मूळ पुरुषाचं नाव कळवावं, ज्यांचं जुळत नाही त्यांनी कृपया स्वतःहून बाहेर पडावं.

मला हे पटत नाही. गावावरून पडलेलं आडनाव म्हणजे रक्ताचा दाखला नव्हे. आपलं कोणीतरी कधीतरी त्या गावाहून निघालं, यापलीकडे ते काही सांगत नाही. एका गावातून ब्राह्मण निघतो, सुतार निघतो, तेली निघतो, मुसलमान निघतो. नव्या जागी सगळ्यांना लोक एकच विचारतात, कुठले? आणि जे उत्तर मिळतं तेच पुढे शाळेच्या रजिस्टरात चढतं.

जो गाव सोडत नाही त्याला 'कर' लावायची गरज सहसा पडत नाही. नवी मुंबईत बघा. १९७० साली सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आजही करावे, सारसोळे, शिरवणे, घणसोलीच्या गावठाणात गेलात तर पाटील, म्हात्रे, भोईर, ठाकूर, तांडेल भेटतील. ते गेलेच नाहीत कुठे, शहरच त्यांच्या दारात आलं. 'वाशीकर पाण्यावाचून हैराण' अशा बातमीतले वाशीकर म्हणजे बहुतेक आपण, बाहेरून आलेले. आणि जाता जाता, नेरूळमध्ये राहणाऱ्या नेरूरकरांना "वा, गावातच फ्लॅट घेतलात" असं म्हणू नका. त्यांचं नेरूर कुडाळ तालुक्यात आहे. दिवेकरांचंही तेच, त्यांना दिवा स्टेशनशी जोडू नये, ते दिवेआगरचे.

शिवाय ही आडनावं दगडावर कोरलेली कधीच नव्हती. मास्टर दीनानाथांचं घराणं हर्डीकरांचं, त्यांनी मंगेशीवरून मंगेशकर लावलं. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचं नाव घातलं गेलं ते आंबेडकर म्हणून. तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. आता यातून मूळ पुरुष कसा शोधायचा ते ॲडमिनसाहेबांनीच सांगावं.

क्रिकेटमध्ये भारताकडून रामनाथ पारकर खेळले आणि गुलाम पारकरही खेळले. इथे कुलदैवत काय विचारणार?

माझ्यापुरता हा प्रश्न ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका दवाखान्यात सुटला होता. कंपाउंडरनं "पेणकर" अशी हाक मारली आणि दोघी उठलो. मी आणि एक आजी. गोल साडी, हातात कापडी पिशवी, नाकावर घसरलेला चष्मा. "तू पण पेणकर? मग आधी तू जा, मला घाई नाही," म्हणाल्या. मी सवयीने विचारलं, पेणचे का? "आमचे आजेसासरे तिथले. आम्ही इस्रायली गं."

बेने इस्रायली ज्यू. त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून वाचले, सात पुरुष आणि सात बायका. कोकणातल्या गावागावांत ते पांगले, तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. ज्या गावात राहिले त्या गावाचं आडनाव घेतलं : किहीमकर, थळकर, रोहेकर, अष्टमकर, झिराडकर, नवगावकर आणि आमचे पेणकर. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली बांधणारे सॅम्युअल इझिकेल हेही दिवेकरच. पनवेलचं सिनेगॉग १८४९ चं, आमच्या ठाण्यातलं १८७९ चं. त्यावरून मी शाळेला जायचे.

आजींच्या घरचे बरेचसे इस्रायलमधल्या अश्दोदला गेलेत. हजारो बेने इस्रायली गेले, तिकडून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही काढलं. पण तिथेही त्यांच्यापुढे प्रश्न आलाच. साठच्या दशकात लग्नाच्या वेळी काही धर्मगुरू विचारायला लागले, तुम्ही पुरते ज्यू कशावरून, आधीच्या पिढ्यांचा पुरावा आणा. लोक रस्त्यावर उतरले, आंदोलन झालं, १९६४ मध्ये तिथल्या सरकारला स्पष्ट सांगावं लागलं की हे पूर्ण ज्यू आहेत. म्हणजे पेणकरांना मूळ पुरुष विचारणारे आमचे ॲडमिन काही पहिले नाहीत.

दवाखान्यात आमचं बोलणं मात्र फार साध्या गोष्टीवर गेलं. त्यांच्याकडे नवसाला, शुभकार्याला मलिदा करतात : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोड, वर फळं. एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, नाव घेऊन वाटतात. आजींचं ठाम मत होतं की पोहे पेणचेच पाहिजेत, बाजारातल्या दुसऱ्या पोह्यांचा भिजल्यावर लगदा होतो. माझी आई गोपाळकाल्याच्या पोह्यांबद्दल शब्दशः हेच म्हणते. डॉक्टरांनी शेवटी दोघींना एकदमच आत बोलावलं.

कुलवृत्तांत काढणाऱ्यांच्या चिकाटीचा मला आदर आहे. दप्तरं चाळून, गावोगाव पत्रं पाठवून पिढ्या जुळवणं सोपं नाही. पण बहुतेक वंशावळींत मुलगी लग्न होईपर्यंतच असते, पुढे तिची फांदी संपते. माझ्या मुलाचं आडनाव वेगळं आहे. म्हणजे ॲडमिनच्या हिशेबात मी या झाडाचं शेवटचं पान, आणि माझ्या आजीचं आडनाव तर त्यात आलेलंच नाही.

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "टेंभी नाक्यावरच्या एक पेणकर आजी आहेत, त्यांना विचारून नंबर देते, त्यांनाही घ्या." ॲडमिननं हात जोडल्याची इमोजी टाकली आणि संध्याकाळपर्यंत मला काढून टाकलं.

तर दुसरा ग्रुप काढतेय. आडनाव पेणकर असलं की झालं, माहेरचं असलं तरी चालेल. गोत्र पाठवू नका. आजींनी होकार दिला आहे, फक्त व्हॉट्सॲप त्यांच्या नातीच्या फोनवर आहे, त्यामुळे सकाळी सहाला गुड मॉर्निंगची फुलं पाठवू नका, ती पोरगी चिडते.