बायोडेटातलं मामेकुळ

लेकीचं लग्न मे महिन्यात झालं. एप्रिलमध्ये गुरुजींचा फोन आला, "ताई, दोन्हीकडची गोत्रं, प्रवर म्हणजे गोत्रातल्या मूळ ऋषींची नावं, आणि तीन-तीन पिढ्यांची नावं व्हॉट्सअॅप करा. कन्यादानाच्या संकल्पाला लागतात." ह्यांनी दोन मिनिटांत लिहून दिली. पणजोबा, आजोबा, वडील. लेक शेजारीच बसली होती. तिने कागद बघितला आणि म्हणाली, "आई, यात तू कुठेय?"

मी तिला काहीतरी सांगून गप्प केलं, पण रात्री झोप लागली नाही.

त्याला आणखी एक कारण होतं. याच मुलीला दोन वर्षांपूर्वी एक फार चांगलं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा शिकलेला, शांत, दोघं दोनदा भेटून बोललेही होते. ते लोक अंबाजोगाईकडचे, आम्ही वाईचे. मागच्या चार पिढ्यांत कुणी कुणाच्या दारात गेल्याचं ऐकिवात नाही. पण त्यांचं गोत्र भारद्वाज, आमचंही भारद्वाज. मोठ्या नणंदबाईंनी फोनवरच सांगितलं, "अगं, बहीण-भाऊ झाले ते. पुढे नेऊ नका." विषय तिथेच संपला. मी एक शब्द बोलले नाही, आणि ते मला आजही लागतं. कारण माझ्या सासूबाई म्हणजे सासऱ्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आम्हा देशस्थांत अनेक घरांत मामाची मुलगी चालते, कोकणस्थांत चालत नाही. ज्या घरात सख्ख्या आतेमामे भावंडांचा संसार पन्नास वर्षं सुखाने झाला, त्याच घरात हजारो वर्षांपूर्वीच्या ऋषीच्या नावावरून दोन अनोळखी मुलांना बहीण-भाऊ ठरवलं गेलं.

कायदा तर केव्हाच पुढे गेला आहे. सगोत्र आणि सप्रवर विवाहाची आडकाठी १९४६ च्या कायद्याने निघाली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात गोत्र आडवं येत नाही, सपिंड, म्हणजे ठरावीक पिढ्यांपर्यंतचं रक्ताचं नातं येतं. ते मोजायचं कसं, तर स्वतःला पहिली पिढी धरून वडिलांकडून पाचव्या पिढीपर्यंत आणि आईकडून तिसऱ्या पिढीपर्यंत. आतेमामे लग्नही या कायद्याने निषिद्धच, फक्त दोन्हीकडे तशी रूढी असेल तर चालतं. याज्ञवल्क्य स्मृती याहून कडक आहे. तिथे वडिलांकडून सात आणि आईकडून पाच पिढ्या टाळायला सांगितल्यात. म्हणजे शास्त्राच्या नावाने स्थळ मोडणाऱ्या माणसाला आईकडच्या पाच पिढ्या ठाऊक असायला हव्यात. आमच्या घरात कुणाला दोनसुद्धा धड सांगता येत नव्हत्या. मराठा घरांत देवक, म्हणजे कुळाचं चिन्ह बघतात, कदमांचा कळंब, मोऱ्यांचं मोरपीस. तेही बापाकडूनच येतं.

लग्नाच्या बायोडेटात आईच्या बाजूला एकच ओळ असते. मामेकुळ. त्यापुढे मामाचं आडनाव.

मग मी शोधायला बसले. माझ्या वडिलांची महालयाची, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाची वही भावाकडे होती, ती मागवून घेतली. निळ्या शाईत, एकसारख्या अक्षरात तर्पणाची नावं. पिता, पितामह, प्रपितामह. खाली माता, पितामही, प्रपितामही. मग मातामह, म्हणजे आईचे वडील, आणि त्यांच्या वरचे दोघे, सपत्नीक. बायकांची नावं इथे होती तर! इतका आनंद झाला मला. पण नीट वाचलं तेव्हा लक्षात आलं, सहापैकी तिघी लक्ष्मी होत्या. ही सगळी सासरची नावं. तांदळावर अंगठीने लिहिलेली. आणि आईच्या आईची आई त्या वहीत कुठेच नव्हती, कारण वहीतली वाट आईकडे गेली तरी तिथून पुढे पुन्हा आजोबा, पणजोबांकडेच वळते.

माझी मावशी शहाऐंशी वर्षांची आहे, सोलापुरात असते. तिला फोन लावला. तीही आधी सासरचंच नाव म्हणाली. मी म्हटलं, "मावशी, माहेरचं. तुझ्या आईला तिची आई कशी हाक मारायची?" बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "द्वारकी म्हणायची गं. आणि ती म्हातारी स्वतः, तिला आम्ही मोठीआईच म्हणायचो. तिचं नाव..." तिला आठवलं नाही. दोन दिवसांनी पहाटे साडेपाचला तिचाच फोन आला. "गोदी. गोदावरी. पंढरपूरची."

मला गोत्र मोडीत काढायचं नाही. कन्यादानाच्या वेळी प्रपौत्रीं, पौत्रीं, पुत्रीं असा उच्चार झाला की माझ्या अंगावर आजही काटा येतो. आपली मुलगी एकटी उभी नाही, तिच्या मागे माणसं उभी आहेत असं वाटतं. त्या माणसांत तिच्या आया-आज्या असाव्यात, एवढंच माझं मागणं आहे. आणि गोत्र ओळख म्हणून सांगावं, स्थळाला नकार द्यायला वापरू नये. जवळचं नातं टाळायचंच असेल तर ते दोन्हीकडून मोजा. आईकडचं रक्त काही पातळ नसतं.

गुरुजींना मी विचारलं. ते म्हणाले, "संकल्पाचा पाठ मी बदलणार नाही, पण त्याआधी नावं घ्यायला माझी काही हरकत नाही." लग्नाच्या दिवशी त्यांनी खणखणीत आवाजात घेतली. माझं, माझ्या आईचं, द्वारकीचं, गोदावरीचं. मावशी पुढच्याच खुर्चीवर होती. तिने पदर डोळ्यांना लावला तो कन्यादान संपेपर्यंत खाली घेतला नाही.

आता पुतण्याचं बघतोय. त्याचा बायोडेटा मीच टाइप केला आहे. मामेकुळाच्या खाली दोन ओळी वाढवल्या आहेत, त्याच्या आईची आई आणि तिची आई, माहेरच्या नावागावासकट. गोत्र भारद्वाजच. सगोत्र स्थळ असलं तरी जरूर कळवा.