पंचगंगेची फूग आणि पर्यावरणाचा पेपर

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर चुलतभावाचा, आमच्या दादाचा, निरोप आला. त्याचा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला पर्यावरणाचा पेपर आहे. दादाने लिहिलं होतं, "पोरगं सीए करणार. ओझोनचा थर पाठ करून बॅलन्स शीट जुळणार आहे व्हय? हा पेपर बंदच केला पाहिजे." खाली सात-आठ अंगठे. रात्री त्याच दादाने कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचा फोटो टाकला: "हे धरण खाली आणा, कोल्हापूरचा पूर बंद." पुन्हा अंगठे.

दोन्ही निरोप मी जर्मनीत, कोलोनला एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, उभ्याने वाचले आणि मला राग आला. अजून गेलेला नाही. पूर का येतो हे ज्या विषयात शिकायचं तो विषय नको, आणि पुराचं कारण मात्र प्रत्येकाला आधीच ठाऊक!

अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याला आपल्याकडे विरोध आहे, तो मला समजतो. शिरोळच्या माणसाने भ्यायचं नाही तर कुणी? पण २०१९च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराला अलमट्टी कारण नसल्याचं म्हटलं. ते पटत नसेल तर खुशाल भांडावं, फक्त भांडायला पाणी कसं वाहतं हे कळायला हवं. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस, शिरोळला पाचशेच्या आसपास, आणि मध्ये सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाहीत. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती घाटमाथ्याचं पाणी घेऊन धावत येतात आणि पंचगंगा होऊन जवळजवळ सपाट जमिनीवर पसरतात. पुढे नृसिंहवाडीला कोयना-वारणेचं पाणी घेऊन कृष्णा तुडुंब उभी असते. मग पंचगंगेचं पाणी पुढे न सरकता मागे तुंबत जातं, फूग चढते. हा शब्द माझ्या आजीला माहीत होता. माझ्या पर्यावरणाच्या पुस्तकात तो नव्हता.

तो पेपर मीही दिलाय. १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, आणि २००४च्या सुमाराला ते आमच्या पदवीपर्यंत पोचलं. वर्ग कधी भरल्याचं आठवत नाही. प्रकल्प करायचा होता. मी विषय घेतला 'रंकाळ्याचे प्रदूषण'. आदल्या वर्षीच्या मुलीची फाइल आणली, नवीन पानांवर उतरवली, वर रंगीत कागद चिकटवला. रंकाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर. रोज संध्याकाळी आम्ही तिथे भेळ खायला जायचो, पण प्रकल्पासाठी मी एकदाही गेले नाही. मार्क उत्तम पडले. म्हणून पेपर निरुपयोगी आहे असं दादा म्हणतो तेव्हा त्याला सरळ खोटं म्हणता येत नाही मला. वाईट शिकवलं म्हणून विषयच काढायचा, याला माझी हरकत आहे. गणित काय सगळीकडे चांगलं शिकवतात?

मी हा विषय खरा शिकले ते २०२१ नंतर, इथे. त्या जुलैच्या मध्याला आमच्यापासून तासाभरावर आर नदीने गावंच्या गावं धुऊन नेली. जर्मनीत १८०हून जास्त माणसं गेली. दहा दिवसांच्या आत कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या वर. बाबांचा फोन लागत नव्हता. एकीकडे इथला टीव्ही, दुसरीकडे फोनवर फुटांचा आकडा. हिवाळ्यात मी विद्यापीठात गास्टह्योररिन, म्हणजे बाहेरून येऊन नुसते तास ऐकणारी, म्हणून नाव घातलं आणि ऑफिस सुटल्यावर पहिल्या सेमेस्टरच्या पोरांबरोबर बसायला लागले.

पहिल्या काही तासांत एवढंच होतं: खडक, पाणी, हवा, सजीव आणि माती या वेगवेगळ्या गोष्टी नाहीत, एकाला हात लावला की दुसरं हलतं. हवा एका अंशाने तापली तर ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर १९५८ मध्ये मोजायला सुरुवात झाली तेव्हा हवा तापवणारा कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ३१५ भागांच्या आसपास होता, आता तो ४२०च्या पुढे आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की गगनबावड्यात दोन दिवसांत महिन्याचा पाऊस का पडू शकतो, ते आपोआप सुचायला लागतं.

एका तासाला पडद्यावर दख्खनचा बेसाल्ट आला. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर. पोरं शांतपणे उतरवून घेत होती आणि माझे डोळे भरून आले. जोतिबाचा डोंगर मी अनवाणी चढलेय, त्याच काळ्या दगडावर. तो कुठून आला, हे मला कोलोनला येऊन, दुसऱ्यांच्या भाषेत कळावं? त्या वर्गात तो दगड पायाखाली घेतलेली मी एकटी होते आणि त्याच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

इथलं सगळं चांगलं, असं म्हणायला मी हे लिहीत नाही. एक्सकुर्सिऑनला, म्हणजे अभ्याससहलीला, आम्ही आरच्या खोऱ्यात गेलो तेव्हा कळलं की पुराचे नकाशे करताना १८०४ आणि १९१० चे महापूर धरलेच नव्हते, कारण पाणी मोजण्याच्या नोंदी १९४०च्या दशकानंतरच्या होत्या. जुन्या भिंतींवरच्या खुणा होत्या, पण त्यांना हिशेबात जागा नव्हती. आपल्याकडे कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, १९८९चं पाणी कुठल्या पायरीला होतं, २००५चं कुठल्या, तो हात लावून दाखवेल. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ हे शेंबडं पोरही सांगतं. इथे ऱ्हाइनचा पेगेल, म्हणजे पाण्याची पातळी, आठ मीटरवर गेला तरी माझ्या ऑफिसात अर्ध्यांना पत्ता नसतो. एवढं शहाणं गाव आपलं. त्या शहाणपणाला कॉलेजात एक तास मिळू नये, हे मला सहन होत नाही.

आता जे लिहायचं टाळत आले ते. रमणमळ्याच्या बाजूला आमचं घर आहे. पूर्वीची मळी, काळीभोर. २०१४ मध्ये बाबांनी प्लॉट घेतला, पैसे मी पाठवले. निळ्या रेषेच्या, म्हणजे पूररेषेच्या, नकाशात तो कुठे येतो हे मी विचारलं नाही. बाबा म्हणाले भराव टाकायला लागेल, मी आणखी पैसे पाठवले आणि डंपरने मुरूम आला. २०१९ ला आमचं अंगण कोरडं राहिलं. शेजारच्या काकूंच्या जुन्या घरात खिडकीपर्यंत पाणी. आपण वाचलो म्हणून मी इथल्या गणपतीपुढे पेढे ठेवले. आरच्या काठी प्रोफेसरांनी भर घालून उंच केलेली एक जागा दाखवली आणि म्हणाले, इथलं पाणी शेजारी गेलं. मी वहीत लिहून घेत होते, हात थांबला.

हायवेच्या भरावाबद्दल, अलमट्टीबद्दल ग्रुपवर मीही कितीदा लिहिलंय. आमच्या भरावाबद्दल कधीच नाही. लांब राहून गावाची काळजी करणं मला सोपं जातं, कारण पाणी चढतं तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या देशात असते.

सोमवारी मी दादाला उत्तर दिलं नाही. त्याच्या मुलाला वेगळा निरोप पाठवला: "प्रकल्प उतरवून काढू नकोस. काकूंच्या उंबऱ्यापासून आपलं अंगण किती उंच आहे ते मोज, आणि २०१९चं पाणी दोन्ही घरांत कुठवर आलं ते त्यांना विचारून लिही."

अर्ध्या तासाने त्याचं उत्तर आलं. "आत्या, टेप चालेल का?"

गवंड्याकडनं लेव्हलची नळी आण, असं मी कळवलं. आणि काकूंना आधी विचार, म्हटलं. दादाने अजून काही लिहिलेलं नाही.