‘वळून परत का नाही उतरला?’ या मेसेजला उत्तर

छोटं विमान उड्डाण करताना कोसळलं की मुंबईतल्या ग्रुपांवर हमखास फिरणारा मेसेज असा: ‘इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं. टाकी भरलेली होती, म्हणजे घातपातच. धावपट्टी मागेच होती, पायलटनं वळून उतरायला हवं होतं.’

दगडासारखं मुळीच नाही. सेस्ना १७२ हे चार आसनांचं छोटं विमान. ती इंजिनाशिवाय हजार फुटांवरून साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जाते.

टाकी भरलेली असली तरी इंधनात पाणी असू शकतं. झाकणाचं रबर झिजलं की पावसाचं पाणी आत जातं, आणि मुंबईच्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रभर दव धरतं. पाणी जड, ते तळाशी बसतं. म्हणून पहिल्या उड्डाणाआधी आणि दर वेळी इंधन भरल्यावर टाकीच्या तळाच्या प्रत्येक ड्रेनमधून, म्हणजे निचऱ्याच्या तोटीतून, नमुना काढतात. इंधन निळं दिसायला हवं. नमुना पूर्ण रंगहीन असेल तर ते सगळं पाणीच असू शकतं, आणि घाईत नेमकं हेच निसटतं.

आता वळण्याचं. हा सल्ला जीव घेणारा आहे. १८० अंश पुरत नाहीत, कारण वळताना विमान धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला जातं. परत त्या रेषेत यायला एकूण २४० अंशांच्या आसपास वळावं लागतं. ७० नॉट (ताशी सुमारे १३० किलोमीटर) वेग आणि ३० अंश कल (विमान बाजूला झुकवणं) धरला तर याला २७ सेकंद लागतात आणि चारेकशे फूट उंची जाते. काय झालं हे उमगेपर्यंतचे तीन-चार सेकंद वेगळेच. घाईनं कल ४५ अंश केला की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग, १९ टक्क्यांनी वाढतो, आणि ३०० फुटांवर स्टॉल होऊन गिरकी लागली तर सावरायला जागाच नसते. त्यातूनही पोचलात तर वारा पाठीमागून, कारण उड्डाण वाऱ्यासमोर केलेलं असतं. १० नॉट वाऱ्यात ४० ऐवजी ६० नॉटनं जमिनीला टेकाल, थांबायला दुपटीहून जास्त अंतर लागेल. मुंबईतल्या जुहूच्या छोट्या विमानतळाची मुख्य धावपट्टी जेमतेम अकराशे मीटर.

‘पण जुहूहून पूर्वेला उडालं तर समोर सांताक्रूझ-पार्ल्याची वस्ती आहे ना?’ आहे. गिरकी घेतलेलं विमानही त्याच वस्तीवर पडतं, आणि तेही ताब्याबाहेर. ताब्यात ठेवून कमी वेगानं टेकलं तर माणसं वाचू शकतात.

म्हणून कमी उंचीवर क्रम ठरलेला: नाक लगेच खाली, वेग ७० नॉट, समोर डावी-उजवीकडे ३० अंशांत मोकळी जागा. मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा) बंद, इंधनाचा व्हॉल्व्ह बंद, इग्निशन बंद, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) गरजेप्रमाणे, मग विजेचा मास्टर स्विच बंद. टेकण्याआधी दाराची कडी उघडायची; आदळून चौकट वाकली की दार अडकतं.