पडीक तुकड्याचं गवत कोणी कापायचं?

भाऊ, रामराम.

वणव्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "बांधालगत पट्टा साफ ठेवा हे सांगायला काय जातं? मजुरी तुम्ही देणार का? आग जंगलाची, तर बघेल वनखातं." मजुरीचं तुमचं म्हणणं खरं आहे. मी तो विषय एका ओळीत उरकला, ते चुकलंच. पण वनखात्याचं मला पटत नाही.

आमचं शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये शेजाऱ्यांनी भर दुपारी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग पेटवला. पऱ्हाट्या ठेवल्या तर बोंडअळीला घर मिळतं, म्हणून त्यांची घाई मला कळते. पण वारा फिरला, मधल्या पडीक तुकड्यातल्या कंबरभर कुसळी गवताने पेट घेतला आणि बघता बघता आग आमच्या केळीच्या कडेला आली. ठिबकच्या नळ्या वितळून जमिनीला अशा चिकटल्या होत्या की ओढल्या तर ढेकळासकट निघत होत्या. दुसरीकडे तीच आग वर जंगलाकडे सुटली. चढावर ती जास्त जोरात पळते, कारण वरचं गवत ज्वाळेच्या धगीने आधीच तापलेलं असतं. म्हणजे जंगलाची आग शेतात आली नाही, शेतातली आग जंगलात गेली.

आता त्या तुकड्याचं ऐका. सातबाऱ्यावर नऊ नावं. दोघं सुरतेला, एक पुण्याला, बाकीच्यांचा वाटणीवरून अबोला. मी म्हटलं, माझ्या खर्चाने कडेचं गवत कापतो. तर त्यातले एक काका म्हणाले, "आज गवत कापशील, उद्या बांध कोरशील." मला राग आला नाही. बांधावरून डोकी फुटलेली मीही पाहिली आहेत.

वनखातं जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून साफ केलेला पट्टा, काढतं, पण आपल्या हद्दीत. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ राखीव जंगलाला धोका होईल अशी आग लावणाऱ्याला धरतं, गवत उभं ठेवणाऱ्याला नाही. उपग्रहाचा इशारा आता मोबाइलवर येतो, पण उपग्रह डोक्यावरून दिवसात मोजक्याच वेळा जातो, आणि दोन एकर कुसळी अर्ध्या तासात संपते.

तुम्ही बारीपाड्याचं उदाहरण दिलंत. साक्री तालुक्यातल्या त्या गावाने चारशे हेक्टरांहून जास्त जंगल राखलं, त्यात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा मलाही अभिमान आहे. पण तिथे जंगल गावाचं, नियमही गावाचा. नऊ वारसांच्या तुकड्यावर कोणाचा नियम चालणार? माझ्या मते खासगी जमिनीची खरी अडचण हीच आहे: खर्च एकाचा, वाचणार शेजारी, आणि होकार नऊ जणांचा हवा.

मोहाची फुलं वेचणाऱ्यांवर मात्र सगळं ढकलू नका. पडलेली फुलं दिसावीत म्हणून ते पाला पेटवतात. झाडाखालचा पाला पेटवण्याऐवजी झाडून घ्यायचा तर सकाळ जाते, आणि त्यांची मजुरी त्या सकाळीच असते. खाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर पेटवावं लागत नाही. ती जाळी कोणीतरी पुरवायला हवी.

आम्ही यंदा शेजाऱ्यांशी एवढं ठरवलंय: पऱ्हाट्या पेटवायच्याच तर संक्रांतीच्या आसपास, पहाटे दव असताना, चारही बाजूंनी नांगराच्या दोन सऱ्या मारून, आणि पाण्याचा टँकर उभा करून. पडीक तुकड्यासाठी नऊही वारसांचा व्हॉट्सॲप ग्रुप केलाय. बांधाचा फोटो आधी टाकला, म्हणजे कोरल्याचा संशय नको. सात जणांनी होकार दिला. काका अजून काही बोललेले नाहीत. रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.