‘निरोगी माणसाला तीन-तीन औषधं कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचा राग समजतो. आशाताईंनी दारात हत्तीरोगाच्या गोळ्या दिल्या, रात्री सासऱ्यांना ताप आला, उलट्या झाल्या, आणि माझ्या लेखात तुम्ही वाचलंत की हे औषध सुरक्षित आहे. ‘आमच्या घरात कोणाचाही पाय सुजलेला नाही, मग निरोगी माणसांवर हा प्रयोग का?’ असं तुम्ही विचारता.

पाय सुजलेला नाही म्हणजे अंगात हत्तीरोगाचे जंत नाहीत, असं मात्र नसतं. हे जंत लसिकावाहिन्यांत (शरीरातला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत) वर्षानुवर्षं गुपचूप राहतात. त्यांची पिल्लं रात्री रक्तात उतरतात आणि चावणाऱ्या क्युलेक्स डासाबरोबर शेजारच्या घरी पोहोचतात. डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन एकत्र दिली की ही पिल्लं झपाट्याने मरतात, आणि मेलेल्या जंतांमुळेच ताप, डोकेदुखी, मळमळ होते. ज्याच्या रक्तात जंत, त्याला त्रास जास्त. सासऱ्यांचं तसंच झालं असेल असं मी इथे बसून सांगणार नाही, पण ती शक्यता सोडूनही देऊ नका.

आता ‘प्रयोग’. तो आधीच झालाय. हैती, इंडोनेशिया, फिजी, पापुआ न्यू गिनी आणि भारतात (आपल्याकडे कर्नाटकातल्या यादगीरला) मिळून २६ हजारांहून जास्त लोकांवर दोन औषधं (डीईसी आणि अल्बेंडाझोल) आणि तीन औषधं यांची तुलना झाली. त्रास झालेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे साधारण १२ टक्के, आणि तोही बहुतेकांना किरकोळ. गुणात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत एकाच डोसनंतर वर्षभराने तीन औषधांच्या गटात ९६ टक्के रुग्णांचं रक्त पिल्लांपासून मुक्त होतं, दोन औषधांच्या गटात ३२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तीन औषधांची शिफारस केली, आणि महाराष्ट्रात २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात ती सुरू झाली.

तुमची एक तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. ‘जेवलात का?’ हे न विचारता गोळ्या हातावर ठेवणं चूकच. उपाशीपोटी हे औषध द्यायचं नसतं. गरोदर बाई आणि गंभीर आजारी माणूस यांना देतच नाहीत, आयव्हरमेक्टिन पाच वर्षांखालच्या मुलांना नाही, आणि त्याचा डोस उंची मोजून ठरतो. हे सगळं दारात उभं राहून बघायला वेळ लागतो, आणि घाईच्या मोहिमेत नेमका तोच कापला जातो. काही जण तर ‘नंतर खा’ म्हणून पुढे जातात. मग गोळ्या फडताळात पडून राहतात आणि कागदावर घर ‘झालं’. माझा राग त्यावर आहे, औषधावर नाही.

सासऱ्यांना झालेल्या त्रासाची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या, तोंडी सांगून सोडू नका. पुढच्या फेरीआधी त्यांच्या रक्ताची तपासणी मागा. पिल्लं रात्रीच सापडतात, म्हणून काचपट्टीवर थेंब रात्री घ्यायला सांगा. आणि पुढच्या वेळी गोळ्या घ्यायच्या त्या जेवणानंतर, आशाताईंच्या समोर.